कडेला उभे राहिलेले रावजी

मी बोलतोय. पिन काढलेली आहे, अंगावर जुनी चादर आहे, घराला कुलूप आहे, तरीही बोलतोय. मी एकवीस इंची रंगीत टीव्ही, राहणार सिडको, नाशिक. पाठीला मोठं कुबड, आवाज खणखणीत आणि जन्मापासून एक वाईट खोड.

ती खोड आधीच सांगून टाकतो. समोर येणाऱ्या चित्राच्या कडा मी थोड्या गिळतो. आम्हाला घडवतानाच तसं घडवतात. अँटेनावरून येणाऱ्या चित्राच्या कडा वेड्यावाकड्या असायच्या, त्या दिसू नयेत म्हणून आमची चौकट त्या झाकून टाकते. बातम्या देणारी बाई मधोमध बसते, क्रिकेटचा चेंडू मधोमध पडतो. कडेचं काय झालं हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कधी मनावर घेतलं नाही.

शहाण्णव सालच्या दसऱ्याला रावजींनी मला घरी आणलं. रावजी अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते. दसऱ्याला तिथल्या यंत्रांची पूजा आटोपून आले की घरी माझी पूजा करायचे. हळदीकुंकू, झेंडूची माळ, वर आपट्याची पानं. त्यांच्या पत्नी यशोदाबाई हसायच्या, टीव्हीची कसली पूजा म्हणून. रावजी म्हणायचे, तेही मशीनच आहे. मला फार बरं वाटायचं.

पूजा झाली की फोटो. रावजी कॅमेरा माझ्या डोक्यावर ठेवायचे, आपोआप फोटो निघण्याचं बटण दाबायचे आणि दहा सेकंदांत धावत जाऊन सगळ्यांच्या शेजारी उभे राहायचे. खोली एवढीशी. एका टोकाला कपाट, दुसऱ्या टोकाला दार. त्यांना मिळायची ती दाराकडची, अगदी कडेची जागा. धापा टाकत उभे राहायचे, एक हात मुलाच्या, अमोलच्या खांद्यावर. दर वर्षी तसंच. मी बंद असताना सगळे माझ्याकडे बघताहेत, असं वर्षातून तेवढंच एकदा व्हायचं.

अमोल शिकून मोठा झाला. रावजींनी साहेबांकडे शब्द टाकून त्याच्यासाठी अंबडलाच नोकरी बघून ठेवली होती. त्याने पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी धरली. बापलेकांचं बोलणं तुटलं. दोन दसरे फोटोविना गेले. तिसरा यायच्या आतच एका सकाळी रावजींच्या छातीत कळ आली आणि ते गेले. बोलायचं राहिलं ते राहिलंच.

वर्षभराने अमोल एक जुना कॉम्प्युटर घेऊन आला. घरातला अल्बम त्याने आधीच पुण्याला नेला होता. त्यातले फोटो कॉम्प्युटरवर चढवले होते, आईला मोतीबिंदूच्या डोळ्यांनी मोठे दिसावेत म्हणून. मॉनिटर आणला नव्हता. टीव्ही आहे की, म्हणाला, आणि पिवळी पिन माझ्या पाठीत खोचली. बटण दाबलं की फोटो एकामागून एक आपोआप येतील अशी सोय केली. डाव्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण अर्धंच दिसतंय, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण चारची बस गाठायची होती. पहिला फोटो यशोदाबाईंचा एकटीचा होता, तो नीट आला. चालतंय म्हणाला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदाबाई चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसल्या. दसऱ्याचे फोटो सुरू झाले. त्या होत्या, अमोल होता, कपाट होतं. रावजी एकाही फोटोत नव्हते. अमोलच्या खांद्यावर नुसता एक हात होता, मनगटापर्यंत.

त्या उठून जवळ आल्या. पदराने काच पुसली. मग माझ्या बाजूला वाकून, दाराआड कुणी उभं आहे का बघावं तसं त्यांनी चौकटीच्या आड डोकावून पाहिलं.

रावजी तिथेच होते हो. चौकटीच्या बोटभर पलीकडे, धापा टाकत. मला ते मिळत होते आणि मी दाखवत नव्हतो. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझा आवाजसुद्धा नेहमी दुसऱ्याचाच.

"बापावरचा राग फोटोवर काढला पोरानं," त्या म्हणाल्या. "हात तेवढा ठेवला."

पुढचे कित्येक महिने आम्ही दोघं एकाच खोलीत एकटे राहिलो. त्यांनी माझ्यावर कापड टाकलं. संध्याकाळच्या मालिकाही सोडल्या. रविवारी अमोलचा फोन यायचा, फोटो बघतेस ना म्हणून विचारायचा. त्या नुसतं हो म्हणायच्या. पुण्याला राहायला ये म्हणाला, तर नाही म्हणाल्या. दिवाळीला मी येतो म्हणाला, तर मी गावी जाणार आहे म्हणाल्या. गावी कुणीच उरलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्याला विचारून टाकावं असं त्यांना फार वाटायचं. फोन ठेवल्यावरही हात रिसीव्हरवर तसाच असायचा. पण त्याने हो, मीच कापलं असं म्हटलं तर? त्या भीतीने पोरगाही हातचा चालला होता.

दसऱ्याला कारभारी नावाचे गृहस्थ आले. हे रावजींचे कारखान्यातले सोबती, सिन्नरचे. तयार मालाची मापं तपासायचं त्यांचं काम, त्यामुळे खिशात स्टीलची पट्टी कायम. सोनं देऊन झालं, त्यांनी अमोलची चौकशी केली, आणि यशोदाबाईंनी मनातलं सगळं पहिल्यांदाच बाहेर काढलं. कारभारींचा चहा तसाच निवला. फोटो दाखवा, म्हणाले.

कापड निघालं. फोटो येऊ लागले. एका फोटोत स्वतः कारभारी खुर्चीवर बसलेले होते. रावजी अशा फोटोची एकेक प्रत सगळ्यांना वाटायचे. कारभारींनी त्यांच्या आठवणीने आपली प्रत यंदा पिशवीतून आणलीच होती. तो फोटो पुन्हा येईपर्यंत ते थांबले. मग हातातली प्रत माझ्या काचेशी धरली आणि खिशातून पट्टी काढली.

"वहिनी, इकडं दारापासचे रावजी गेलेत, बरोबर. पण तिकडं कपाट बी अर्धं गेलंय. कपाटाशी कुणाचं भांडण व्हतं?"

यशोदाबाईंनी वाकून कपाटाची बाजू पाहिली.

"दोन्ही बाजूंनी सारखंच गेलंय. माणूस राग काढतो तो असा मापून काढत नाय. ही चूक पोराची नाय, ह्या डबड्याची हाय."

डबडं म्हणाले. माझ्याबद्दल इतकं खरं आणि इतकं बरं कुणी कधी बोललं नव्हतं.

त्यांनी लगेच अमोलला फोन लावला. तो तिकडून सांगत गेला आणि कारभारी, सगळी हयात पट्टीवर गेलेला माणूस, हातात माऊस धरून घाम पुसत राहिले. आधी तोच फोटो थांबवला, मग अर्ध्या दिसणाऱ्या स्टार्टवर टिचकी, मग सेटिंग, मग टीव्हीच्या चित्राचा आकार. प्रत्येक टिचकीला चित्र जरा आक्रसायचं आणि भोवती काळी पट्टी उमटायची. मनगटामागून कोपर आलं. खांदा आला. आणि मग रावजी आले, अख्खे, तोंड उघडं, शर्टाचं बटण चुकलेलं, एक पाय अजून धावतच.

यशोदाबाईंनी फोन हातात घेतला.

"अमोल, मला वाटलं तूच काढलंस त्यांना."



"आई, अल्बममध्ये बाबांचे एकट्याचे फोटो पण होते," तो म्हणाला. "मी हेच घेतले. यात त्यांचा हात माझ्या खांद्यावर आहे."

"दिवाळीला ये," त्या म्हणाल्या.

तो आला. कॅमेरा माझ्या डोक्यावर ठेवला, बटण दाबलं आणि धावला. मधे भरपूर जागा होती, तरी दाराकडच्या कडेला जाऊन उभा राहिला, धापा टाकत, आईच्या खांद्यावर हात ठेवून.

पुढे त्या पुण्याला राहायला गेल्या. कॉम्प्युटर नेला, फोटो नेले. मला नेलं नाही. तिथे भिंतीवर टांगायचा सपाट टीव्ही आहे म्हणे. माझी तक्रार नाही, पण करमत नाही. एवढंच मागतो, की टीव्हीला कॉम्प्युटर जोडाल तेव्हा मधलं चित्र नीट आलं म्हणून बस गाठायला पळू नका. कडा बघा. तिथे कुणीतरी धावत येऊन उभं असेल.

चादर एका बाजूने घसरली आहे. माझ्या बंद काचेत समोरच्या खोलीचं प्रतिबिंब पडतं, कपाट दिसतं, दार दिसतं आणि दाराकडची ती रिकामी जागा. आता मी काहीच गिळत नाही; ती जागा अगदी कडेपर्यंत दिसते.