वरल्या गावचा भूकंप

नवऱ्याच्या माघारी कोयनानगरचं बिऱ्हाड गुंडाळून राहीबाई ऑस्ट्रियात मुलाकडं राहायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना वाटलं, ह्या गावाला सुतक आहे. डोंगराच्या कुशीतलं गाव, चहूकडं बर्फ, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. गावाचं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. त्या आपलं त्याला 'वरलं गाव' म्हणायच्या.

मुलगा जयराज तिथल्या धरणावर इंजिनिअर. बापाची हयात कोयनेच्या धरणावर गेली, पोरानं परमुलखातलं धरण गाठलं. सून पूजा तासगावची, सातवा महिना लागलेली. घरमालकीण हिल्डाबाई ऐंशीच्या पुढच्या, अंगानं चिपाड, खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांचे नियम मात्र धिप्पाड होते. रविवारी कपड्याचं मशीन लावायचं नाही, काचेची बाटली कचऱ्यात टाकायची नाही, जिन्यात बोलायचं नाही. आणि राहीबाईंचा आवाज असा, की कोयनेच्या ह्या काठावरून हाक मारली तर त्या काठावरची म्हैस मान वर करायची.

आल्याआल्या पहिल्या रविवारी त्यांनी खलबत्त्यात लसणाची चटणी कुटायला घेतली. दोन-चार ठोके पडले असतील नसतील, हिल्डाबाई दारात. त्या काय बोलल्या ते कळलं नाही, पण जयराजचं तोंड उतरलं.

"काय म्हणती रं?"

"आई, भाडेकरार संपत आलाय. परत असा आवाज झाला तर वाढवून देणार न्हाई म्हणतीय."

पूजाच्या डोळ्यांत पाणीच आलं. हिवाळ्यात गावातली सारी घरं बर्फात घसरायला येणाऱ्या पाहुण्यांनी भरलेली. दुसरं घर बघायचं तर पार घाट उतरून खाली, आणि दवाखाना इथं हाकेच्या अंतरावर.

"आत्या, बाळ होईपर्यंत तरी..."

"रडू नगंस पोरी. आजपासनं ह्या तोंडाला कुलूप."

कुलूप टिकलंही. शिंक आली तरी राहीबाई उशीत तोंड खुपसायच्या.

मग एका रविवारी, नुकतं उजाडलेलं, त्या चहाचं आधण ठेवत होत्या. रात्रभर बर्फ पडला होता. इतक्यात धडाड् धूम! खिडक्या थरथरल्या, ताटं वाजली आणि एक बशी खाली येऊन फुटली.

कोयनेच्या माणसाला भूकंपाचं नवल नसतं. कपातल्या चहाला लाट आली तर तिथली बाई पदरसुद्धा सावरत नाही. भांडी वाजली तर एकदा वर बघते. पण भांडं पडलं, की उठायचं. आणि उठल्यावर रीत एकच, आधी म्हातारं माणूस बाहेर काढायचं, मग ताट बडवून गल्ली उठवायची. धडधाकटांनी आपापलं बघावं.

राहीबाईंचा जीव कात्रीत सापडला. ओरडावं तर घर जातंय, न ओरडावं तर गाव जातंय! तेवढ्यात दुसरा दणका बसला.

"घर गेलं खड्ड्यात! जयराज, पोरीला घिऊन भाईर पळ!"

एका हातात ताट-चमचा, दुसऱ्या हातात गोधडी घेऊन त्या जिना उतरल्या. झोपेतून उठलेल्या हिल्डाबाई दार किलकिलं करून बघत होत्या. राहीबाईंनी ताट-चमचा काखेत मारला, त्यांना गोधडीत गुंडाळलं, उसाची मोळी उचलावी तसं उचललं आणि अंगणातल्या बाकावर नेऊन ठेवलं. मग चमच्यानं ताट बडवायला सुरुवात केली.

"आवं भाईर या! भूकंप झालाय, भूकंप! म्हाताऱ्यास्नी आधी काढा!"

गाव उठलं. कुणी झोपायच्या कपड्यांत, कुणी एकाच पायात बूट. आग लागली समजून गावातल्या गड्यांनी बंबसुद्धा आणला. बघतात तर घोटाभर बर्फात नऊवारीतली बाई ताट बडवतेय.

जयराज धापा टाकत आला. "आई, थांब! भूकंप न्हाई. डोंगरावर साचलेला बर्फ गावावर कोसळू नये म्हणून सुरुंग लावून आधीच पाडत्यात."

"मुद्दाम?"

"व्हय, मुद्दाम."

"रविवारचं?"

"बर्फ काय वार बघून पडतोय व्हय?"

"आन् माझा खलबत्ता तेवढा चालत न्हाई!"

बाकावर गोधडीतून हिल्डाबाईंचे डोळे तेवढे दिसत होते. तोंडावर हात गच्च दाबलेला. जयराजनं परोपरीनं माफी मागितली. त्या हाताआडूनच एक शब्द बोलल्या आणि गोधडीसकट घरात निघून गेल्या.

"काय म्हणाली?"

"सोमवारी," पूजा पडल्या आवाजात म्हणाली. "रविवारी त्या व्यवहाराचं बोलत नाहीत."

तो रविवार काही सरता सरेना. पूजा बाळासाठी आणलेली दुपटी पेटीत भरत बसली.

"मला कोयनंला धाडा," राहीबाई कुजबुजल्या. "मग तरी घर ऱ्हाईल."

"तू गेलीस म्हणून ताट वाजल्यालं माघारी येतंय व्हय?" जयराज म्हणाला. मग त्यालाच हसू आलं, पण पूजाकडं बघून त्यानं ते गिळलं.

सोमवारी सकाळी हिल्डाबाई वर आल्या. केस विंचरलेले, गोधडी घडी घालून हातात. बराच वेळ बोलल्या.

"सांग की रं, जीव घेतूस का?"

"ती विचारतीय, सून पोटुशी असताना तू आधी खाली हिच्याकडं कशी काय गेलीस?"

"ह्यात काय इचारायचं? सुनंला नवरा हाय. हिला कोन हाय?"

जयराजनं सांगितलं. हिल्डाबाईंनी गोधडी टेबलावर ठेवून तिची घडी पुन्हा नीट केली. मग बोट उगारून पुन्हा सुरू झाल्या.

"करार वाढवून देतीय," जयराज म्हणाला, आणि पूजा मटकन खुर्चीत बसली. "पण एक अट हाय. काल तू तिला कवळी न लावता सगळ्या गावापुढं बसवलंस. गावातल्या बायका अजून हसत्यात म्हणती. पुढच्या वेळी आधी तिला कवळी लावू द्यायची."

राहीबाईंनी पदर खोचला. "असं कसं? भूकंप काय हिच्या कवळीसाठी थांबतुय?"

"आई, ऐक की!"

"आत्या, हो म्हणा ना!"

"खोटं कसं म्हनू? येळ आली तर मी थांबायची न्हाई." राहीबाईंनी हिल्डाबाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. हिल्डाबाईही मागं हटेनात. "बरं, तिला इचार, कवळी ठेवती कुठं?"

"उशाशी, वाटीत."

"मग सांग तिला, तू गप पुढं चल. वाटी मी घिऊन येते."