नाळेतली पुसट रेघ

मित्रांनो, मी एक जुने जनुक आहे. इतके जुने, की माझा जन्म कोणत्याही पंचांगात सापडणार नाही. रक्ताला रंग आणि श्वास वाहण्याचे बळ देणाऱ्या कुळातले मी. थोरल्या बहिणीची नक्कल उतरताना एक प्रत अधिक झाली, युगायुगांत तिची काही अक्षरे बदलली. ती प्रत म्हणजे मी. आईच्या पोटातल्या कोवळ्या अंधारात काही आठवडे राबायचे आणि मिटून जायचे, एवढेच माझे आयुष्य. म्हणून मला कोणी ओळखत नव्हते.

१९८२ साली कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कालिंदीबाई नवजात बाळांच्या नाळेतले रक्त तपासत. विजेच्या ओढीने त्यातली प्रथिने एका पातळ थरावर पांगत आणि त्यांच्या रेघा उमटत. शिरोळच्या ताजबीच्या मुलीच्या, जरीनाच्या, रक्तात एक पुसट रेघ जास्त आली. ती माझी होती!

"डाग आहे तो," त्यांचे प्रमुख दत्तोपंत हसले. "डागाचं बारसं करू नका."

काही महिन्यांनी दवाखान्यात कोणीतरी बोलून गेले आणि दुसऱ्यांदा गरोदर असलेली ताजबी धावत आली. "बाई, पोरीच्या रक्तात खोट हाय म्हनं. पोटातल्याचंबी तसंच व्हनार?"

कालिंदीबाईंनी जरीनाचे रक्त पुन्हा तपासले, पण रेघ आली नाही. जरीनाच्या रक्तात मी केव्हाच झोपले होते. आता आशा होती ती येणाऱ्या बाळाच्या नाळेची.

बाळंतपण घरी झाले. कालिंदीबाई शिरोळला पोचल्या तेव्हा नाळ ताजबीच्या सासूच्या, अमीरबींच्या, हातात होती.

"ही कोल्हापूरला जायाची न्हाय. परसात पुरायची. न्हायतर पोराचं मन घरात रमंल व्हय?"

"नाळ तुमचीच, अमीरबी. मला फक्त चार थेंब द्या. पुरताना मीही माती लोटते."

"शिकल्याली बाई माती लोटनार? बघू तरी!"

कालिंदीबाईंनी खरोखरच माती लोटली आणि बर्फात ठेवलेली कुपी सांभाळत एस.टी.ने परतल्या. रेघ त्याच जागी उमटली. दत्तोपंतांनी चष्मा पुसला आणि यंत्र स्वतः पुन्हा लावले. पुढे पुण्याच्या प्रयोगशाळेत माझी अक्षरे वाचली गेली, भावंडांच्या रांगेतली माझी जागा ठरली. मग ध्यानात आले, की मी तपासलेल्या प्रत्येकात आहे, दत्तोपंतांतही. इतरांमध्ये मी जन्माआधीच झोपते, ताजबीच्या लेकरांत थोडे अधिक जागते, इतकेच. त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

ते सांगायला कालिंदीबाई शिरोळला गेल्या. ताजबी आधी रडली, मग रागावली.

"मग वरीसभर आमी का झुरलो, बाई?"

"आम्हालाच माहीत नव्हतं गं."

"म्हाईत न्हवतं तर म्हाईत न्हाय म्हनायचं. खोट म्हनायचं न्हाय की!"

मित्रांनो, माझ्यासाठी लिहिलेल्या साऱ्या कागदांपेक्षा हे वाक्य मला अधिक प्रिय आहे. तुमच्याही रक्तात मी निजले आहे. कोणाचे वेगळेपण दिसले तर नाव ठेवण्याआधी क्षणभर थांबा. त्या क्षणात एखाद्या आईची झोप असते.