साहेबाचं ‘नको’

पहिल्याच दिवशी साहेबाने माझ्या अंगठ्याला चावा घेतला आणि तुरुतुरु चालत जाऊन तो ह्यांच्या खांद्यावर बसला. तेव्हापासून जे माझ्या पोटात दुखायला लागलं, ते दोन महिने थांबलं नाही.

साहेब म्हणजे राखाडी पोपट. शेपूट लालभडक, डोळे करारी, चाल रुबाबदार. पण मानेखाली छाती जवळजवळ उघडी. स्वतःची पिसं त्याने स्वतःच उपटली होती. एका घरातल्या लहानशा पिंजऱ्यात अकरा वर्षं तो सूर्यफुलाच्या बिया आणि चहात बुडवलेल्या बिस्किटांवर राहिला. तिथून त्याला सोडवलं ते पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या एका मुलीने. आम्ही तिला पक्षीवाली म्हणतो.

“पुढून सोललेला, मागून साहेब,” हे त्याला बघून म्हणाले आणि तेच नाव पडलं.

पक्षीवालीने मला स्पष्ट सांगितलं, “मावशी, दोन महिने ठेवून बघा. छातीवर पिसं यायला लागली आणि खाणं सुधारलं, तर तो तुमचा. नाहीतर मी परत नेईन. तिकडे दुसरे पोपट आहेत, त्यांच्यात कदाचित रमेल.”

मी पस्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं आहे. रडणारी, चावणारी, डबा न खाणारी, सगळी मुलं माझ्या हाताखालून गेली. मनात म्हटलं, एका पोपटाचं काय एवढं!

पक्ष्यांच्या डॉक्टरांचा कागद मी स्वयंपाकघरात चिकटवला. बिया एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या. किसलेलं गाजर, लाल भोपळा, उकडलेला मका, पालेभाजी. बिस्किट, चहा, साखर, मीठ बंद. रोज सकाळी खाण्याआधी वजन. एक दिवसाआड पाण्याचा बारीक फवारा. कुरतडायला कागद आणि लाकूड. खाली माझी एक वही: तारीख, वजन, काय खाल्लं, किती पिसं उपटली आणि कधी.

मी गाजर किसलं. साहेबाने ते चोचीत धरून माझ्या चष्म्यावर भिरकावलं. मी भोपळ्याचे मुगाएवढे तुकडे केले. त्याने वाटीच उलटी केली. आणि हे? हे बाहेरच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करत बसायचे. साहेब टेबलावरून डुलत डुलत यायचा आणि ह्यांच्या हाताखाली मान घालायचा. हे वर न बघता एका बोटाने त्याची मान खाजवायचे. बस, एवढंच काम.

“तुम्ही त्याच्यासाठी करता काय हो?” मी एकदा विचारलंच.

“काही नाही.”

“मग तो तुमच्याकडे का येतो?”

“म्हणूनच येत असेल,” हे म्हणाले आणि काट्यावर फुंकर मारली.

असं उत्तर ऐकल्यावर अंगाचा तिळपापड होतो की नाही, तुम्हीच सांगा.

तिसऱ्या आठवड्यात वहीत एक कोडं दिसलं. बिया मोजून कमी केलेल्या, भाजी सगळी जमिनीवर, आणि वजन मात्र नऊ ग्रॅमने वाढलेलं. हवा खाऊन कोणी जाड होतं का?

त्या दिवशी हे आंघोळीला गेले होते. मी आतून ऐकलं, डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज: टॉक! बाहेर येऊन बघते तर खोलीत कोणी नाही. साहेब दांडीवर बसून टेबलावरच्या एका डब्याकडे टक लावून बघत होता. त्याने पुन्हा आवाज काढला, “टॉक!” आणि मागोमाग चहाचा घुटका घेतल्यासारखं, “सुर्रर्र.”

डब्यावर ह्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बारीक स्प्रिंगा’. उघडला. आत बिस्किटं.

हे केस पुसत बाहेर आले.

“ह्या स्प्रिंगा कुठल्या घड्याळाच्या?” मी विचारलं.

ह्यांनी टॉवेल डोक्यावर ओढला. साहेब मात्र आनंदाने म्हणाला, “टॉक! सुर्रर्र.”

“चहाडखोर,” हे त्याला म्हणाले. मग मला, “अगं, अर्धंच देतो. इतका बघतो ना माझ्याकडे.”

“लाच देऊन प्रेम मिळवता होय! मी इथे गाजरं किसून बोटं सोलून घेतेय. त्याच्या यकृतावर चरबी चढली तर डॉक्टरांपुढे तुम्हीच उभे राहा.”

ह्यांनी तिथल्या तिथे डबा माझ्या हातात दिला. खरं सांगते, मी रागावले होते, पण आतून मला गुदगुल्या होत होत्या. म्हणजे हे सगळं बिस्किटांचं प्रेम होतं! आता बिस्किट बंद, प्रेम बंद.

बिस्किट बंद झालं. चार दिवस साहेबाने घर डोक्यावर घेतलं. पाचव्या दिवशी त्याने मक्याचा एक दाणा फोडला, आठव्या दिवशी गाजर खाल्लं. माझ्या हातून नाही. ह्यांच्या टेबलावर, ह्यांच्या भिंगाशेजारी बसून. प्रेम काही बंद झालं नाही.

“बाईंचा पोपट झाला,” हे म्हणाले. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

खाणं सुधारलं तरी पिसं उपटणं थांबेना. मी पेपर उघडला की उपट. बहिणीशी फोनवर बोलायला लागले की उपट. मी हातातलं टाकून धावायची, पिंजऱ्याशी तोंड नेऊन म्हणायची, “नको रे राजा, नको!” तो मान तिरकी करून माझ्याकडे बघायचा. मी परत फिरले की दुसरं पीस.

मुदत संपायला बारा दिवस होते. त्या बुधवारी मी दिवसभर बहिणीकडे गेले. संध्याकाळी वही बघितली तर ह्यांनी लिहिलं होतं: पिसं शून्य.

मी मागची पानं चाळली. बाजाराचे दिवस, बँकेत गेले ते दिवस, डोळे तपासायला गेले तो दिवस. मी घरात नसले तेवढा वेळ शून्य. मी घरात असले की सात, नऊ, अकरा.

मी वही मिटली. म्हणजे मी त्याला नकोशी होते. हे त्याचं औषध, आणि रोग मी.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चपला वाजवत बाहेर पडले आणि पाचच मिनिटांत अनवाणी परत येऊन दाराच्या फटीतून बघत उभी राहिले. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आपल्याच घरात चोरासारखी. हे एका गजराच्या घड्याळात डोकं घालून बसले होते. साहेब दांडीवर. थोड्या वेळाने तो अगदी माझ्या आवाजात, माझ्याच हेलात म्हणाला, “नको रे राजा, नको!”

आणि त्याने दाराकडे बघितलं.

ह्यांनी मान वर केली नाही. साहेब वाट बघत राहिला. पुन्हा म्हणाला, “नको रे राजा.” पुन्हा दाराकडे बघितलं. पिसाला चोच लावली नाही.

माझ्या हाताने दार जरा सरकलं. त्याला मी दिसले. त्याच क्षणी त्याने मान वाकवली, एक पीस उपटलं, आणि ते चोचीत धरून माझ्याकडे बघत राहिला.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. रोज मुद्दाम पेन्सिल पाडायचा. मी दहा वेळा त्याच्या बाकाशी जाऊन रागवायची. शेवटी मला कळलं होतं की पेन्सिल पाडली की बाई येतात, नीट लिहिलं की येत नाहीत. मग मी तो नीट लिहीत असताना जायला लागले, आणि पेन्सिल पडायची थांबली. नव्या शिक्षिकांना मी ही गोष्ट कौतुकाने सांगायची. आणि घरात? साहेब भाजी खात असताना, कागद कुरतडत असताना मी कधी त्याच्याजवळ गेले होते? तेव्हा मी हुश्श म्हणून पेपर उघडायची. तो मला रोज अकरा पिसांची हाक मारत होता.

पक्षीवालीला फोन केला. ती म्हणाली, “मावशी, बरोबर ओळखलंत. आता त्याने उपटलं की पाठ फिरवायची. एक शब्द नाही. आणि दुसरं काहीही करत असला की जायचं.”

बोलायला सोपं. पहिल्या दिवशी त्याने पंधरा उपटली. मी पाठ फिरवून बसले, प्रत्येक पिसाचा बारीकसा ‘टच्’ ऐकत. हे म्हणाले, “तू आत जा, मी बघतो.”

“तुम्ही नाही,” मी म्हटलं. “माझ्यासाठी चाललंय ते.”

त्याने कागदाची पट्टी फाडली की मी उठायची, जवळ जायची, दोन शब्द बोलायची. सहाव्या दिवशी पाच पिसं. दहाव्या दिवशी दोन. छातीवर बारीक राखाडी खुंटं दिसायला लागली, दाढी वाढावी तशी.

पक्षीवाली ठरल्या दिवशी आली. वजन घेतलं, वही वाचली, मग पिंजऱ्यासमोर बसली. साहेबाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टच्! एक पीस उपटलं. तिच्या डोळ्यांदेखत.

मी पाठ फिरवली. भिंतीकडे बघत बसले. मागून तिच्या पेनाचा आवाज आला. ती काय लिहिते आहे ते मला कळेना, आणि वळून बघायची सोय नव्हती. हेसुद्धा हातातलं काम थांबवून बसले असावेत, कारण स्क्रूड्रायव्हरचा आवाज थांबला होता.

“नको रे राजा,” मागून माझाच आवाज आला. मी हलले नाही.

मग कागद फाटल्याचा आवाज आला. लांब, एका दमात.

मी उठले, पिंजऱ्याशी गेले. चोचीत कागदाची पट्टी होती. मी बोट पुढे केलं. त्याने पट्टी टाकली आणि मान खाली घातली. मी पहिल्यांदाच त्याची मान खाजवली. पिसांखाली ती किती गरम असते, हे मला माहीतच नव्हतं.

पक्षीवालीने वही मिटली. “मावशी, पुढच्या वेळी मी पाहुणी म्हणून येईन. चहाला. पण चहा त्याच्यापासून लांब.”

“टॉक!” साहेब म्हणाला.

ती गेल्यावर हे भिंग काढून पिंजऱ्यापाशी आले, आणि त्यांनी नेहमीसारखं एक बोट पुढे केलं. साहेबाने तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. तो माझ्या बाहीचं बटण कुरतडत होता.

“आम्हाला कोण विचारतं आता,” हे म्हणाले.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बटण तुटेपर्यंत मी हात तसाच धरून उभी राहिले.