जांभळे फ्रॉक

शिंपीमास्तरांनी चर्चमधल्या गरीब मुलींना फुकट फ्रॉक शिवून दिले, ही गोष्ट खरी. पण सगळे एकाच भडक जांभळ्या ताग्यातून शिवले, यात त्यांचा डाव होता. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले की त्यांच्या नजरेत पहिल्यांदा तेच भरायला हवेत.

"अहो, दुकानात एवढी कापडं पडलीत, सगळ्यांना एकच रंग कशाला?" बायकोने विचारलं.

"उठून दिसतात."

बायकोने कपाळाला हात लावला.

रविवारी फ्रॉक उठून दिसले. पाळकसाहेबांनी भर उपासनेत कौतुक केलं आणि मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. उपासना संपली. खाऊ वाटणाऱ्या बाई सहज ओरडल्या, "जांभळ्या मुलींनो, तुम्ही मागे थांबा गं. तुमचं वेगळं ठेवलंय."

मुली निमूट भिंतीला लागून उभ्या राहिल्या. त्यांत इस्त्रीवालीची लेक होती. जुनेच कपडे, पण आईच्या हातची कडक इस्त्री. त्यामुळे आजवर तिला गरिबांत कुणी धरलंच नव्हतं. आज तिच्या मैत्रिणी लांबून टकामका बघत होत्या आणि ती दोन्ही हातांनी फ्रॉक झाकू पाहत होती. मास्तरांना तिथून पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली फ्रॉकची व्यवस्थित घडी घेऊन दुकानात आली.

"मास्तर, राग मानू नका. पोरगी घालायचं नावच घेत नाही. शिलाई सुरेख आहे हो, दुसऱ्या कुणाला होईल."

मास्तर शरमेने पाणी पाणी झाले. "चूक माझी आहे, ताई. तिला घेऊन या. हवं ते कापड निवडू दे, मी दुसरा शिवतो."

हे ते अगदी मनापासून बोलले. इस्त्रीवालीचे डोळे भरून आले. जाताना ती दारात थांबली.

"मास्तर, काळजी करू नका. तुम्ही दुसरा फ्रॉक शिवून देताय, हे मी कुणाला कळू देणार नाही. पाळकसाहेबांनासुद्धा नाही."

आणि मास्तरांचा चेहरा उतरला.

क्षणभरच. पण तो उतरलेला त्यांना स्वतःलाच कळला. ती गेल्यावर ते मशीनपुढे नुसते बसून राहिले. बायको चहा घेऊन आली.

"काय म्हणत होती ती?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. खरं सांगितलं, तर बायको शाबासकी देईल आणि ती शाबासकी आपल्याला आवडेल, या धास्तीने त्यांनी मान वर केली नाही.