डावखुरे टाके

मोठ्या सरांच्या आतड्यात गाठ निघाली आणि अख्ख्या सर्जरी विभागाचा जीव टांगणीला लागला. गाठीची काळजी कुणाला होती म्हणा! सरांनी जाहीरच करून टाकलं होतं, "जो मला कापेल, तोच माझ्यानंतर या खुर्चीत बसेल."

मॅडमना वाटलं, आता तरी आपला नंबर. अठरा वर्षं त्या याच विभागात सर्जन होत्या आणि बावीस वर्षं सरांची बायको. अवघड केस अडली की सर त्यांना हाक मारत, शाबासकी मात्र स्वतः घेत.

पण संमतीपत्रावर सर्जन म्हणून नाव आलं ते लाडोबाचं. लाडोबा म्हणजे सरांचा पट्टशिष्य, त्यांची बॅग उचलण्यात पटाईत.

"आणि मी?" मॅडमनी विचारलं.

"तू जखम उघडी धरून उभी राहा की. डावखुऱ्या माणसाला तेवढंच बरं जमतं." सर हसले. नर्सही हसल्या. मेल्या, हसायला यांचं काय जातंय!

ऑपरेशन अर्ध्यावर आलं आणि रक्तवाहिनीवरचा चिमटा निसटला. बघता बघता पोट रक्ताने भरलं. लाडोबाचे हात थिजले. "मॅडम..." एवढंच कसंबसं तोंडातून फुटलं. मॅडमनी त्याला कोपराने बाजूला सारलं, बोटांनी चाचपून वाहिनी पकडली, बांधली. मग गाठ काढली, आतडं जोडलं, पोटही शिवलं. नंतर त्या नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या, तेव्हा लाडोबाने ऑपरेशनच्या नोंदीत सर्जन म्हणून बिनदिक्कत स्वतःचं नाव लिहिलं.

दहाव्या दिवशी टाके काढायला मॅडम आणि लाडोबा आले. सरांनी मान उचलून पोट न्याहाळलं.

"टाक्यांच्या गाठी उलट्या बाजूला. हे डावखुऱ्या हाताचं काम."

अठरा वर्षांचं चीज होणार होतं.

सर लाडोबाकडे वळले. "शेवटचे टाके हिला घालू दिलेस? मनाचा मोठा आहेस रे. खुर्चीत असाच माणूस हवा."

मॅडमनी लाडोबाकडे पाहिलं. त्याने घसा खाकरला.

"मॅडमची मदत झाली, सर."

"अहो, त्या दिवशी मी..."

"नोंद वाचली मी सगळी. तू टाके काढ. आणि हळू, दुखता कामा नये."

मॅडमनी एकेक टाका काढला. सरांना जराही दुखलं नाही.