शिवकन्याचं समदं बराबर

अंगणवाडीच्या मोबाइलवर दर महिन्याला प्रत्येक लेकराची बारा प्रश्नांची नोंद भरायची असे. आपलं ताट आपण उचलतं का, रांगेत थांबतं का, हाकेला ओ देतं का, वगैरे. 'हो' दाबलं की पुढचं लेकरू येई. 'नाही' दाबलं की मोबाइल कारण मागे, फोटो मागे, पालकांचा अंगठा मागे. त्यामुळे सेविका मिराबाईंकडची वीसच्या वीस लेकरं तीन महिने सर्वगुणसंपन्न होती.

त्यातही पाच वर्षांची शिवकन्या अव्वल. इतरांचं बघून सगळं बिनचूक करायची. हाक मारली तर मात्र वळायची नाही.

"बाई, हिला ऐकू येतं ना?" तिची आई प्रियंका विचारायची.

"न यायला काय झालं? आपल्या मनाची हाय पोरगी." मिराबाई याला स्वावलंबन समजत.

मग एका दुपारी खिचडीचं पातेलं फरशीवर आदळलं, शिवकन्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर. एकोणीस लेकरं दचकली, दोघं रडली. शिवकन्या चपला जोडीनं लावत राहिली.

मिराबाईंनी तिच्या मागे उभं राहून ताट वाजवलं. मग दोन ताटं वाजवली.

मंगळवारी हिंगोलीत कान तपासायचं शिबिर होतं, पण नोंदीत 'नाही' असलेल्या लेकरांपुरतंच. मिराबाईंनी प्रियंकाला तयार राहायचा निरोप धाडला आणि नोंद बदलून घ्यायला पर्यवेक्षिका रीता मॅडमना फोन लावला.

"तीन महिने ओ देत होती ना ती? तुम्हीच भरलंय."

"चुकलं मॅडम."

"मग बाकीच्या एकोणिसांचंही चुकलं असेल. येऊ तपासायला?"

मिराबाईंची नजर बाकीच्या एकोणिसांवरून फिरली.

"पुढच्या वर्षी आहे की शिबिर," मॅडम म्हणाल्या.

"तवा तिला सहा पुरे होतील. शाळेत जाईल."

"मग शाळावाले बघतील."

मंगळवारी प्रियंका मजुरी बुडवून, लेकीला दोन वेण्या घालून दारात हजर.

"यादीत नाव न्हाई तिचं," मिराबाई म्हणाल्या.

"काहून?"

"नोंदीत समदं बराबर हाय."

"म्हंजे ऐकू येतं?"

मिराबाईंनी मोबाइलवरून बोट फिरवलं. "तसंच दाखवून राहिलंय."

प्रियंकाच्या जिवाचा घोर गेला. "मंग सोंग करून राहिली व्हय ही."

शिवकन्या पुढे चालू लागली होती. प्रियंकानं तीन हाका मारल्या, मग गाठून पाठीत धपाटा घातला. पोरगी वळली.

"बघा बाई," प्रियंका म्हणाली, "आता कसं ऐकू आलं."