उभ्या गाडीचा दिवा

माझा भाऊ अर्हेलिओ हॉर्न वाजवतो तेव्हा त्याची गाडी बंद पडते. हे आमच्या गल्लीतल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक आहे, पण त्याच्यासमोर बोलायची सोय नाही. तो म्हणतो, "बंद पडत नाही, मीच थांबवतो." म्हणून गर्दीतून जाताना तो हॉर्नच्या बटणाला हात लावत नाही. साठीला टेकलेला माणूस, तोंडानेच "पीप, पीप" करत जातो.

गाडी म्हणजे रिकिंबिली. जुनी चिनी सायकल, तिच्या दांड्यावर आवळलेलं डासांच्या फवारणी यंत्राचं भंगारातलं इंजिन आणि पेट्रोलसाठी सरबताची प्लास्टिकची बाटली. इथपर्यंत आमच्या बेटावर सगळ्यांचं असतं तसंच. अर्हेलिओची हुशारी त्यापुढे सुरू होते. पुढे दिवा, मागे लाल दिवा, जुन्या रशियन मोटारीचा हॉर्न, हँडलला बांधलेला रेडिओ आणि सीटखाली नाताळच्या झाडावरची लुकलुकती माळ. एवढ्या सगळ्याला वीज कुठून, म्हणाल तर इंजिनाच्या पोटातून बाहेर आलेल्या एका बारक्या तारेतून. ती तार खरी इंजिन बंद करण्यासाठी दिलेली. तिच्यात वीज असते, नाही असं नाही, पण तो ठिणगीच्या तोंडचा घास. दिवा लावला की इंजिन खोकतं, त्यात रेडिओ लावला की धापा टाकतं आणि हॉर्न दाबला की जीवच सोडतं.

"कोंपाय, दोस्ता, ही गाडी नाही, देवघर आहे," शेजारचा एल्पिदिओ डोमिनोच्या टेबलावरून ओरडायचा. "नुसता नमस्कार कर आणि चालत जा."

"जळतोस तू," अर्हेलिओ म्हणायचा.

"तुझा दिवा जळत नाही, मग कुणीतरी जळायला नको?"

मीही हसायचे. मी मोठी बहीण, मला हसायचा हक्क आहे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्याची बायको त्याआधीच गेली, मी लग्नाच्या भानगडीत पडलेच नाही. मी लोकांचे कपडे शिवते, तो सायकली दुरुस्त करतो आणि संध्याकाळी आम्ही कशावरून तरी भांडतो. बरं चाललं होतं आमचं.

मग मध्ये नेरेइदा आली. ती पुलापलीकडच्या कोळीवस्तीत राहते. शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाली तरी समोरच्या माणसाकडे अजून असं बघते, जणू त्याने नकाशा चुकवून आणलाय. दर शनिवारी संध्याकाळी सांस्कृतिक भवनात दान्सोन असतो, आमच्या वयाच्या लोकांचा नाच. अंग सांभाळून, मधूनमधून थांबून, हातपंख्याने वारा घेत. तिथे या दोघांचं मेतकूट जमलं. अर्हेलिओ शनिवारी सकाळपासून बूट पुसायला लागला तेव्हाच मी ओळखलं.

नाच संपेपर्यंत बरीच रात्र होते आणि पुलापर्यंतच्या रस्त्यावर खड्ड्यांमध्ये थोडा रस्ता आहे. बसचा भरवसा कुणी धरत नाही. तेव्हा अर्हेलिओने छाती पुढे काढून सांगितलं, "मी सोडतो तुला. माझ्या गाडीला दिवा आहे."

त्या सहलीचं वर्णन मला नेरेइदानेच नंतर ऐकवलं. गाडी पळाली की दिवा झकास. पण खड्डा आला की माणूस वेग कमी करतो. वेग कमी झाला की इंजिन मंदावतं, इंजिन मंदावलं की दिवा मिणमिणतो. म्हणजे जिथे दिसायला हवं, नेमकं तिथेच डोळे मिटल्यासारखं. पुलाजवळच्या मोठ्या खड्ड्यापाशी दिवा गेला आणि दिव्यापाठोपाठ इंजिनही गेलं. नेरेइदा खाली उतरली, झगा झटकला आणि उरलेली वाट दोघांनी गाडी ढकलत काढली. फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "अर्हेलिओ, आज तू मला सोडलंस की मी तुला?"

मग तिने थट्टा बाजूला ठेवून सांगितलं. तिचं मनगट मागे एकदा मोडलंय, चुलतभावाच्या सायकलवरून पडून. आता पुन्हा पडायची तिची तयारी नाही. म्हणाली, पुढच्या शनिवारी माझ्या फाटकाशी ये, गाडी उभी कर, इंजिन बंद कर. तरीही दिवा लागलेला दिसला तर मी मागे बसेन. नाहीतर आपला दान्सोन संपला, वाईट वाटून घेऊ नकोस.

झालं. आठवडाभर आमच्या ओसरीवर गावातल्या सगळ्या शहाण्यांची सभा. एल्पिदिओने चाकाला घासून फिरणारा जुना डायनॅमो आणून दिला. लावला. दिवा झळाळला, पण चाक थांबलं की तोही थांबला.

"बाई म्हणते उभ्या गाडीचा दिवा पाहिजे," अर्हेलिओ कपाळाला हात लावून म्हणाला.

"मग तिला म्हणावं, तू धावत राहा," एल्पिदिओ म्हणाला. "गाडीचं मग बघू."

दुसऱ्या कुणी तरी सुचवलं की रेडिओ काढ, माळ काढ, ओझं कमी होईल. अर्हेलिओने असं तोंड केलं, जणू त्याला दात काढायला सांगितलाय. बारक्या तारेवरचं एकही लटांबर त्याने सोडलं नाही.

खरा उपाय आम्हाला सगळ्यांना कळत होता. बॅटरी. दिवा इंजिनावर नाही, बॅटरीवर. इंजिन चालो, मरो, दिवा आपला लागलेला. पण बॅटरी दुकानात जाऊन मिळते थोडीच! घरात एक होती आणि ती माझी होती. मोटरसायकलची, माझ्या शिवणयंत्राखाली ठेवलेली. वीज आली की ती भरून घेते आणि वीज गेली की माझा एक दिवा आणि जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला छोटा पंखा तिच्यावर चालतो. आमच्याकडे वीज जाणं म्हणजे काही बातमी नव्हे. त्या बॅटरीवर माझी संध्याकाळ चालते.

अर्हेलिओने ती मागितली नाही. मागितली असती तर मी चांगली खडसावली असती आणि विषय मिटला असता. पण तो बुधवारी शिवणयंत्राजवळ आला आणि उगीच बॅटरीवरची धूळ पुसून गेला. गुरुवारी त्याने माझ्या पंख्याला तेल घातलं. शुक्रवारी सकाळी कॉफी करून दिली, न सांगता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय हवंय तुला?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग कॉफीत एवढी साखर कशाला?"

"तुला गोड लागावी म्हणून," तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

आता मी का देत नव्हते ते सांगते. अंधाराची मला भीती नाही, उकाड्याची सवय आहे. मला भीती होती नेरेइदाची. दिवा लागला की ती मागे बसणार, मागे बसली की एक दिवस तो तिच्याकडेच राहायला जाणार. तिचं घर समुद्राकडे तोंड करून आहे, त्याला हवा मानवेल. मग मी भांडू कुणाशी? स्वतःच्या हाताने त्याची वाट उजळून द्यायची आणि आपण शिवणयंत्राशी बोलत बसायचं, एवढं मोठं मन माझं नाही. निदान तेव्हा तरी नव्हतं.

शनिवारी दुपारीच वीज गेली. ऊन उतरू लागलं तेव्हा अर्हेलिओ ग्वायाबेरा, म्हणजे ठेवणीतला पांढरा सदरा घालून अंगणात आला. इस्त्री त्याने सकाळीच करून घेतली होती. त्याने दिव्याची काच फडक्याने पुसली, पुन्हा पुसली, इंजिन सुरू केलं, बंद केलं. दिवा गेला. त्याने दिव्याकडे असं बघितलं की मला बघवेना. मग तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटू लागला. मी कान दिला. तिच्या फाटकाशी काय बोलायचं त्याची तालीम चालली होती. "आज दिवा नाही, पण मी हळू नेईन." मान हलवायची. "आज दिवा नाही, पण चांदणं आहे." पुन्हा मान हलवायची. माझा भाऊ मूर्ख आहे, पण माझाच आहे.

मी आत गेले, बॅटरीच्या तारा उपसल्या आणि ती उचलून अंगणात आणून आपटली.

"घे. आणि तो रेडिओ, ती माळ, सगळं त्या तारेवरून काढ."

"रेडिओसुद्धा?"

"तुला नेरेइदा हवी की बातम्या?"

त्याने सगळी लटांबरं उतरवली. बॅटरी पुढच्या टोपलीत ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधली आणि दिवा थेट तिला जोडला. दिवा लागला. इंजिन बंद, गाडी उभी, आणि दिवा लागलेला. अर्हेलिओ त्याच्यासमोर लहान मुलासारखा उकिडवा बसला.

"मिग्दा, मग तू?" तो म्हणाला.

"मी काय तुझी वाट बघत फाटकाशी उभी आहे? जा, उशीर होतोय."

तो गेला. इंजिन एकदाही खोकलं नाही. मी ओसरीवर बसून वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेऊ लागले. हळूहळू अंधारलं. एल्पिदिओ आला, माझ्याकडे बघितलं, आत अंधाऱ्या घराकडे बघितलं आणि त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा टोमणा गिळला. शेजारी खुर्ची ओढून नुसता बसला. त्याने मला जास्तच वाईट वाटलं.

मग रस्त्याच्या टोकाला उजेड दिसला. नाचाला जाताजाता गाडी आमच्या दाराशी थांबली आणि मागून नेरेइदा उतरली, केसात फूल, हातात पंखा.

"बघितलंस मिग्दालिया," ती म्हणाली, "तुझ्या भावाची रचना! म्हणतो, सगळी माझी कल्पना."

"असं म्हणतो का?" मी म्हटलं.

अर्हेलिओ आपल्या बुटांकडे बघू लागला. नेरेइदाने पाणी मागितलं आणि मी उठायच्या आत स्वतःच घ्यायला आत गेली. आत काडी पेटवल्याचा आवाज आला. बराच वेळ ती बाहेर आली नाही. शिवणयंत्राखाली माझ्या दिव्याच्या आणि पंख्याच्या तारा तशाच लोंबत होत्या. शिक्षिका ती, तिला काय समजावून सांगायचं?

ती बाहेर आली. "अर्हेलिओ, रचना कुणाची?"

"म्हणजे, जोडणी माझी."

"हं. मिग्दालिया, झगा बदल."

"कशाला?"

"दिवा तुझा आणि तूच घरात अंधारात? चल नाचाला."

"गाडीवर दोघांचीच जागा आहे," मी म्हटलं.

"मग कुणीच बसायचं नाही. उभ्या गाडीचा लागतो तो ढकललेल्या गाडीचाही लागेल. अर्हेलिओ, ढकल."

"अगं पण आज पहिल्यांदा ती नीट चालली," तो कळवळून म्हणाला.

"चांगली चालली. आता आपण चालू."

मी निळा झगा घातला, बटण तुटलेला. एल्पिदिओही न विचारता उठला. अर्हेलिओ पुढे गाडी ढकलत, इंजिन बंद, आणि दिव्याचा पट्टा रस्त्यावर स्थिर. प्रत्येक खड्डा स्वच्छ दिसत होता. सगळ्या गल्लीत अंधार, त्यामुळे नाचाला निघालेली माणसं आमच्या उजेडात येऊन चालायला लागली. अर्हेलिओ मागे वळून वळून मोजत होता, जणू सगळी त्याचीच पाहुणेमंडळी.

नेरेइदाने चालताना माझ्या कोपरात हात घातला. मला वाटलं, खड्ड्याला घाबरली असेल. पण रस्ता तिथे सपाट होता.

"तुला एक विचारायचंय," ती हळूच म्हणाली. "उद्या रविवार. मी तुमच्याकडे कॉफीला आले तर चालेल? मला तिकडे एकटीला कॉफी करायचा कंटाळा येतो."

"त्याला विचार ना," मी पुढे बोट दाखवलं.

"त्याला काय विचारायचं? घर तुझं आहे."

एवढा आठवडा मी हिच्यावर जळत होते आणि ही बाई कोळीवस्तीत रोज एकटीची कॉफी पीत होती.

"ये," मी म्हटलं. "पण साखर आपली घेऊन ये. आमची त्याने शुक्रवारी संपवली."